रिकामं भांडं परत जात नाही

सेन म्हणजे येनचा शंभरावा हिस्सा. 1927 साली जपानमध्ये एका सेनला फारसं काही येत नसे, आणि नेमकं म्हणूनच हे नाणं या प्रकरणात महत्त्वाचं आहे. त्या वर्षी जपानभरच्या शाळांतल्या मुलींनी घरून एकेक सेन आणून शिक्षकांच्या हाती दिला. मुली होत्या सुमारे 26 लाख, म्हणजे जमलेली रक्कम सव्वीस हजार येनांच्या आसपास भरते. ही वर्गणी कुठल्या आपत्तीसाठी नव्हती, शाळेचं छप्पर शाकारायलाही नव्हती. समुद्रापलीकडच्या मुलांकडून एक भेट आली होती, तिची परतभेट पाठवायची होती. शाळकरी मुलांनी परदेशातल्या शाळकरी मुलांसाठी पैसे जमवण्याचे प्रसंग गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ झाले. पण इतक्या मोठ्या संख्येनं, इतकी छोटी रक्कम, केवळ ऋणात राहायचं नाही म्हणून दिली गेल्याचं दुसरं उदाहरण चटकन सापडत नाही.

ही परतभेट कशाची होती ते समजायला चार वर्षं मागे जावं लागतं. 1 सप्टेंबर 1923 च्या दुपारी तोक्यो आणि योकोहामा भूकंपानं आणि मागोमाग पेटलेल्या आगींनी उद्ध्वस्त झाली. अमेरिकेतून जहाजं भरून मदत गेली. तिथल्या रेडक्रॉसनं थोड्या दिवसांत दशलक्षावधी डॉलर उभे केले. जपाननं ती मदत मनापासून स्वीकारली. आणि वर्ष उलटायच्या आत, मे 1924 मध्ये, अमेरिकेत असा स्थलांतर कायदा झाला की जपानी माणसाला तिथे वसायला जाण्याचं दारच बंद झालं. ज्यांच्या हातून काल तांदूळ घेतला त्यांनीच आज सांगितलं, की तुम्ही आमच्या शेजारी नकोत. जपानमध्ये हा घाव खोलवर बसला. अमेरिकी जनता एका वर्षात उलटली असं मात्र म्हणता येत नाही. मदत देणारा हात आणि दार लावणारा हात एकाच माणसाचे असू शकतात, इतकंच. मदत देताना त्यानं समोरच्याला संकटातला माणूस म्हणून पाहिलेलं असतं, बरोबरीचा म्हणून नव्हे.

सिडनी गुलिक नावाच्या गृहस्थांना हा फरक कळत होता. पंचवीसेक वर्षं जपानमध्ये मिशनरी म्हणून काढलेला हा माणूस अमेरिकेत परतल्यावर त्या कायद्याविरुद्ध झगडला आणि हरला. मोठ्यांची मनं वळत नाहीत असं दिसल्यावर त्यानं मुलांकडे मोर्चा वळवला. जपानमध्ये 3 मार्चला हिनामात्सुरी हा मुलींचा सण असतो. घरात लाल कापड घातलेल्या पायऱ्या मांडतात, आपल्याकडे चैत्रगौरीची आरास करतात तशा, आणि त्यांवर राजाराणीपासून सेवकांपर्यंत बाहुल्या बसवतात. या सणाला अमेरिकी मुलांनी आपल्या बाहुल्या पाहुण्या म्हणून पाठवाव्यात, अशी गुलिकांची कल्पना. शाळा, चर्चमधले रविवारचे वर्ग, मुलींची पथकं यांनी पैसे जमवले, बाहुल्या घेतल्या आणि त्यांचे कपडे घरी शिवले. आडवी केली की डोळे मिटणारी आणि वाकवली की ‘मामा’ असा आवाज काढणारी ही बाहुली त्या काळी नवलाईची होती. प्रत्येकीला नाव होतं, सोबत पत्र होतं, प्रवासाचं तिकीट होतं आणि चक्क पासपोर्टही होता. मुलांना यात गंमत वाटली असणार. मोठ्यांना मात्र त्यातली खोच कळण्याजोगी होती: जपानी माणसाला अमेरिकेत शिरायला कागद मिळत नव्हता त्या दिवसांत अमेरिकी बाहुल्या व्यवस्थित शिक्क्यानिशी जपानमध्ये उतरत होत्या. एकूण 12,739 बाहुल्या गेल्या. 3 मार्च 1927 ला तोक्योत त्यांचं समारंभपूर्वक स्वागत झालं. जपानच्या बाजूनं पुढाकार घेतला शिबुसावा एइइची यांनी. 2024 पासून दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचा चेहरा छापला जातो ते हेच उद्योगपती. तेव्हा ते सत्याऐंशीच्या घरात होते.

इथपर्यंतची गोष्ट भल्या माणसांच्या उपक्रमाची आहे. तसे उपक्रम होतात, फोटो निघतात आणि विसरले जातात. हा विसरला गेला नाही तो त्या एकेका सेनमुळे. बाहुल्या शाळाशाळांत वाटल्या गेल्या आणि लगेच प्रश्न आला, की आता आपण काय पाठवायचं? बारा हजारांना बारा हजार पाठवणं शक्य नव्हतं, आणि शहाणपणाचंही नव्हतं. जपाननं 58 बाहुल्या करवून घेतल्या. प्रत्येक सुमारे 80 सेंटीमीटर उंच. शिंपल्यांच्या भुकटीचा पांढरा लेप देऊन घोटलेला चेहरा, माणसाचे खरे केस, रेशमी किमोनो, आणि सोबत तिचा स्वतःचा संसार. लाखेच्या कामाच्या चिमुकल्या पेट्या, दिवे, चहाची भांडी. भातुकली खरी, पण नामांकित कारागिरांच्या हातची. 1927 च्या अखेरीस या बाहुल्या अमेरिकेत पोचल्या, गावोगाव फिरल्या आणि मग निरनिराळ्या राज्यांतल्या संग्रहालयांत विसावल्या. प्रत्येकीला तिच्या प्रांताचं वा शहराचं नाव होतं, मिस कागावा वगैरे. (दौऱ्याच्या धांदलीत कितीतरी बाहुल्यांची आणि त्यांच्या सामानाची अदलाबदल झाली, त्यामुळे एका प्रांताच्या नावानं मिरवणारी बाहुली प्रत्यक्षात दुसऱ्याच प्रांताची, असं पुढे आढळलं. पाहुण्यांच्या चपला बदलतात तसंच हे.)

आपल्याकडे शेजारणीकडून लोणच्याची वाटी आली की ती नुसती घासून परत करत नाहीत. घरात काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर घालतात. साखरेनं लोणच्याची किंमत फिटत नाही, हे दोघींनाही ठाऊक असतं. साखर एवढंच सांगते, की आमच्याही घरात चूल पेटते. वाटी रिकामी गेली तर पुढच्या वेळी लोणचं येईल, पण ते ‘बिचारीला पाठवलं’ म्हणून येईल. देशोदेशीच्या शाळांमधल्या देवाणघेवाणीचा आणि निधीसंकलनाचा कस मला इथे दिसतो. किती रक्कम जमली, किती शाळा जोडल्या गेल्या, किती मुलांनी भाग घेतला, हे आकडे अहवालाला बरे. खरा प्रश्न असा विचारावा: घेणाऱ्या मुलांना काही परत देण्याची वाट मोकळी ठेवली होती का, आणि त्यांनी दिलेलं देणाऱ्यांनी तेवढ्याच आदरानं घेतलं का?

यावर पहिला आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो, आणि तो वजनदार आहे. दान द्यावं आणि विसरावं, परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलं तर तो व्यवहार झाला, अशी आपली शिकवण. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कोणतं ते सांगताना, जो उलट उपकार करू शकणार नाही अशाला कर्तव्य म्हणून दिलेलं दान, असंच म्हटलं आहे. मग परतभेटीचा आग्रह धरणं म्हणजे दानाची पायरी खाली आणणं नव्हे का? मला वाटतं, इथे एक गल्लत होते. हा दंडक देणाऱ्याच्या मनाला घातलेला आहे. घेणाऱ्याच्या हाताला घातलेला नाही. देणाऱ्यानं अपेक्षा ठेवू नये हे बरोबर, पण म्हणून घेणाऱ्यानं काही देऊच नये असं त्यातून निघत नाही. फ्रेंच विचारवंत मार्सेल मोस यानं 1925 च्या सुमारास, म्हणजे बाहुल्यांच्या जहाजांच्या जरा आधी, भेटवस्तूंवर लिहिलेला दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. जगभरच्या समाजांचे दाखले देऊन त्यानं दाखवलं, की भेटीमागे तीन बंधनं असतात: देणं, घेणं आणि परत देणं. यातलं तिसरं तोडलं की घेणारा देणाऱ्याच्या हाताखाली जातो. मोसनं त्या निबंधात महाभारतातल्या दानधर्माचाही विचार केला आहे. आपल्या शास्त्रकारांनाही ही भीती अनोळखी नव्हती. दान घेणाऱ्याचं तेज कमी होतं, म्हणून प्रतिग्रह जपून करावा, असं ते बजावत आले. देणाऱ्याला पुण्य सांगणाऱ्या परंपरेनंच घेणाऱ्याला धोका सांगितला आहे. शाळेतल्या निधीपेटीशी उभं राहून बोलताना आपण पहिलं सांगतो आणि दुसरं विसरतो.

या दुसऱ्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा हिरोशिमातला आहे. नोव्हेंबर 1946 मध्ये वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी नौदलाच्या अधिकाऱ्यांनी अणुचाचण्यांच्या यशाची मेजवानी केली, आणि तिथे अणुस्फोटाच्या ढगाच्या आकाराचा केक कापला गेला. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. त्याच शहरातल्या ऑल सोल्स या युनिटेरियन चर्चचे धर्मोपदेशक पॉवेल डेव्हिस यांनी पुढच्या रविवारी त्या केकवर कडक प्रवचन दिलं. प्रवचनाची बातमी फिरत फिरत जपानमध्ये शिक्षणखात्याचं काम पाहणाऱ्या एका अमेरिकी अधिकाऱ्यापर्यंत पोचली, आणि त्यानं डेव्हिसना लिहिलं, की इथल्या मुलांकडे लिहायला साधी पेन्सिलही नाही. मग चर्चमधल्या मुलांनी जमवाजमव सुरू केली. पेन्सिली, खडू, रंग, कागद, खोडरबर असं सुमारे अर्धा टन सामान हिरोशिमाला पोचलं. त्यातला वाटा गेला होनकावा प्राथमिक शाळेत. स्फोटाच्या केंद्रापासून ही शाळा साडेतीनशे-चारशे मीटरवर. 6 ऑगस्ट 1945 ला तिथली सुमारे चारशे मुलं आणि दहाएक शिक्षक मारले गेले. शाळेतल्यांपैकी एक विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका तेवढ्या वाचल्या. सिमेंट-काँक्रीटची म्हणून इमारतीचा सांगाडा उभा राहिला होता, आणि खिडक्यांना काचा नसलेल्या त्या सांगाड्यात पुढे वर्ग भरत होते.

गोष्ट इथे थांबली असती तर ती दयेची गोष्ट झाली असती, आणि चांगली झाली असती. पण होनकावाच्या मुलांनी आलेले रंग उघडले आणि त्याच रंगांनी चित्रं काढून, सुलेखनाचे कागद लिहून ते वॉशिंग्टनला पाठवून दिले. चित्रं पन्नासच्या आत-बाहेर. त्यांत काय आहे हे पाहिल्यावर माणूस गप्प होतो. ढिगारे नाहीत, आग नाही. बहरलेली चेरीची झाडं आहेत, खेळणारी मुलं आहेत, रंगीत कपडे आहेत. मुलांना जे भोगावं लागलं ते त्यांनी पाठवलं नाही. जे त्यांना आवडत होतं ते पाठवलं. पाहुण्याकडे जाताना आपण घरातली फुटकी कपबशी नेत नाही. ज्यांच्या देशानं बॉम्ब टाकला त्या देशातल्या मुलांना त्यांनी आपलं रडगाणं ऐकवलं नाही, आणि त्यांचे आभारही वाकून मानले नाहीत. वाटी साखर घालून परत केली. मदत घेणाऱ्यानं आपलं दुःख मांडून दाखवावं, त्याशिवाय देणाऱ्याचा हात खिशात जात नाही, अशी निधीसंकलनाची जी रीत पडून गेली आहे, तिला या पन्नास कागदांएवढं चोख उत्तर कुणी दिलेलं मला माहीत नाही.

आता दुसरा आक्षेप. हे सगळं हृद्य असेल, पण याचा उपयोग काय झाला? बाहुल्या पोचल्यावर चार वर्षांत जपाननं मांचुरियात सैन्य घुसवलं, आणि चौदा वर्षांत पर्ल हार्बर झालं. युद्धाच्या ऐन भरात, 1943 च्या सुमारास, जपानी शाळांतल्या त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. त्यांना जाळलं गेलं, भाल्यांनी भोसकलं गेलं, आणि हे शाळकरी मुलांसमोर, काही ठिकाणी त्यांच्याच हातून. 12,739 पैकी आज सापडतात तीनशेहून थोड्या अधिक. शंभरात अडीच. हा आकडा झाकून ठेवून बाहुल्यांचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं होईल. बाहुल्यांनी युद्ध थांबवलं नाही, आणि थांबवतील असं कुणाला वाटलं असेल तर तो भाबडेपणा होता. 1927 साली सेन देणारी आठ वर्षांची मुलगी 1941 साली बावीस वर्षांची होती आणि तिला मतदानाचाही हक्क नव्हता. पण त्या तीनशेंकडे जरा नीट पाहा. युद्धकाळात त्या आपोआप वाचल्या नाहीत. कुणीतरी त्या माळ्यावर टाकल्या, कपाटामागे सरकवल्या, घरी नेऊन कापडात गुंडाळल्या. शत्रूची वस्तू लपवणं हे त्या दिवसांत हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं, आणि त्यातून मिळण्याजोगं काहीच नव्हतं. कुणी वाच्यताही केली नाही. बहुतेक बाहुल्या 1970 च्या दशकानंतर एकेक करून उजेडात आल्या. पलीकडे अमेरिकेत, उत्तर कॅरोलिनाच्या संग्रहालयातल्या मिस कागावाशेजारी युद्धकाळात पाटी लावली गेली, की हे जपानी मुलांच्या सदिच्छेचं प्रतीक आहे, आणि शत्रुराष्ट्रातल्या प्रत्येक बायामाणसाचा, पोराबाळाचा जन्मभर द्वेष करणारे आपण नव्हेत. वातावरण काय होतं ते लक्षात घेतलं तर ही पाटी लिहायला हिंमत लागली असणार. मुलांच्या देवाणघेवाणीनं राज्यकर्ते बदलत नाहीत. एखाद्या शिक्षकाला किंवा संग्रहालयातल्या अधिकाऱ्याला एका विशिष्ट क्षणी ‘नाही’ म्हणायला ती काहीतरी हाताशी देते. एवढंच तिच्याकडून मागावं.

याहून अवघड आक्षेप आहे तो असा, की मुलांच्या नावावर हे सगळं मोठ्यांनीच केलेलं असतं. तो मी बऱ्याच अंशी मान्य करतो. बाहुल्यांची कल्पना गुलिकांची, जपानमधली व्यवस्था शिबुसावांची आणि सरकारी शिक्षणखात्याची. सेन ‘स्वखुशीनं’ किती आणि ‘सगळ्यांनी आणायचा आहे’ म्हणून किती, याची खात्री आज कोण देणार? ध्वजनिधीची तिकिटं वर्गात वाटली जातात तेव्हा ती किती स्वखुशीनं खपतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही पालकाला विचारा. आणि त्या 58 बाहुल्यांतच एक काटा लपलेला आहे. जपानच्या प्रांतांच्या आणि मोठ्या शहरांच्या बाहुल्यांबरोबर कोरिया, तैवान, काराफुतो आणि क्वांतुंग या जपानच्या ताब्यातल्या प्रदेशांच्या नावानंही एकेक बाहुली होती. किमोनो घातलेली. कोरियाच्या नावानं अमेरिकेला गेलेली मैत्रीण कोरियन वेशात नव्हती. तिकडच्या मुलींना आपण काय पाठवावं असं वाटतं, हे विचारायची कुणाला गरज भासली नसावी. बरोबरीचा मान मिळवायला निघालेला देश त्याच पेटीत दुसऱ्याची गैरबरोबरी भरून पाठवत होता. म्हणून नुसती परतभेट पुरत नाही. ती काय असावी हे देणाऱ्या मुलांनी ठरवलेलं असावं लागतं.

मुलांनी स्वतः ठरवलं की काय होतं, हे पाहायला 1994 च्या डिसेंबरात यावं लागेल. पाकिस्तानात लाहोरजवळच्या मुरीदके गावचा इक्बाल मसीह हा मुलगा अमेरिकेत बोस्टनला एक पुरस्कार घ्यायला गेला होता. चार वर्षांचा असताना सहाशे रुपयांच्या कर्जापोटी त्याला गालिच्याच्या मागावर बांधून घातलं होतं. वेठीतून सुटल्यावर तो इतर मुलांच्या सुटकेसाठी बोलत हिंडू लागला. अपुऱ्या खाण्यानं त्याची वाढ खुंटलेली. खुर्चीत बसला तर पाय जमिनीला टेकत नसत. बोस्टनशेजारच्या क्विन्सी गावात ब्रॉड मेडोज ही माध्यमिक शाळा आहे. तिथली मुलं त्याच्याएवढ्याच वयाची. त्यांच्यासमोर तो दुभाष्यामार्फत बोलला. या दौऱ्यात तो एका हातात मागावरचं अवजार आणि दुसऱ्या हातात पेन धरून दाखवत असे. 16 एप्रिल 1995 ला त्याच्याच गावाजवळ त्याला गोळी घालून ठार केलं गेलं. बातमी कळल्यावर ब्रॉड मेडोजच्या मुलांनी ठरवलं, की त्याच्या देशात त्याच्यासारख्या मुलांसाठी शाळा काढायची. देणगी मागितली बारा-बारा डॉलरांची, कारण त्याचं वय बारा सांगितलं जाई आणि ज्या कर्जापोटी तो बांधला गेला ते हिशेबात बारा डॉलरांच्या आसपास येत होतं. इतर शाळांना पत्रं गेली, नवंनवं आलेलं ईमेलही वापरलं गेलं. एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली आणि पंजाबातल्या कसूर शहरात, तिथल्याच संस्थेच्या हातून, शाळा सुरू झाली.

वरवर पाहता ही एकमार्गी मदत आहे: श्रीमंत देशातून गरीब देशाकडे. कसूरच्या मुलांनी क्विन्सीला काय परत पाठवलं? माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. पहिली भेट इक्बालनं दिली होती. क्विन्सीच्या मुलांना घरातल्या गालिच्याबद्दल जे ठाऊक नव्हतं ते त्यानं येऊन सांगितलं, आणि तेही दया मागायला नव्हे. आमच्या मुलांनी विणलेले गालिचे घेऊ नका, असं सांगायला. वाटी आधी तिकडून आली होती. बारा डॉलर ही परतीची साखर होती. निधीसंकलनातला प्रत्येक आकडा त्याच्या गोष्टीतून उचललेला होता, म्हणून ती रक्कम कुणाही अनोळखी गरिबासाठी जमवलेली राहिली नाही.

हे एकदा घडू शकतं, पण दर वर्षी, हजारो मुलांच्या पातळीवर? नॉर्वेत ते 1964 पासून चाललं आहे. ‘ऑपरेशन डाग्सवेर्क’ असं त्याचं नाव. डाग्सवेर्क म्हणजे दिवसभराचं काम. शरद ऋतूत एक दिवस शाळेतली मुलं वर्गात न बसता कुणाच्या दुकानात, कचेरीत, अंगणात काम करतात आणि त्या दिवसाची मजुरी आफ्रिका, आशिया वा लॅटिन अमेरिकेतल्या तरुणांच्या शिक्षणाच्या एखाद्या प्रकल्पाला जाते. रक्कम वर्षाकाठी कोट्यवधी क्रोनरच्या घरात असते. पण मला त्यातल्या दोन गोष्टी रकमेहून मोलाच्या वाटतात. एक, कुठला प्रकल्प घ्यायचा हे विद्यार्थी संघटनेच्या वार्षिक सभेत मुलं मतदानानं ठरवतात. दुसरी, कामाच्या दिवसाआधी शाळांमध्ये आंतरराष्ट्रीय आठवडा असतो, आणि ज्या देशाला निधी जायचा तिथली तरुण मुलं येऊन नॉर्वेच्या शाळांमधून बोलतात. पैसे जाण्याआधी माणसं येतात. मुलगा अंगणातली पानं झाडतो तेव्हा त्याला दोन आठवड्यांपूर्वी वर्गात उभं राहून बोललेल्या मुलीचा चेहरा ठाऊक असतो. आणि तो बापाच्या खिशातला पैसा देत नसतो. त्याची पाठ दुखलेली असते. ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला त्या दिवशी शाळेतच बसायची मुभा असते, हेही आपल्याकडच्या ‘सक्तीच्या ऐच्छिक’ वर्गण्यांच्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखं. पुढे ही कल्पना अटलांटिकपलीकडे गेली तेव्हा तिथे ती उचलणाऱ्यांत क्विन्सीची तीच ब्रॉड मेडोज शाळा होती.

हिशेबी माणूस इथे शेवटचा प्रश्न टाकतो, आणि तो टाळणं बरं नव्हे. पाहुण्यांचं विमानभाडं, आठवडाभराचे कार्यक्रम, पत्रं, पासपोर्ट, रेशमी किमोनो. हा सगळा खर्च वाचवून थेट पैसे पाठवले तर जास्त मुलं शिकणार नाहीत का? शिकतील. 1950 साली अमेरिकेत हॅलोविनच्या रात्री दारोदार गोळ्याचॉकलेटं मागणाऱ्या मुलांनी दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत युनिसेफसाठी सुटे पैसे गोळा केले. पहिल्या वर्षी 17 डॉलर जमले, आणि पुढे त्याची देशव्यापी प्रथा झाली. डब्यात पडलेल्या नाण्यानं कुणा तरी मुलाचा जीव वाचला असेल, आणि तो मुलगा दूध पिताना देणाऱ्याला ओळखत नव्हता म्हणून दूध काही कमी पौष्टिक झालं नाही. पूर, दुष्काळ, भूकंप यांत असंच द्यावं. भुकेल्या माणसाकडून परतभेटीची वाट पाहत बसणं क्रूरपणाचं आहे. माझं म्हणणं शाळांपुरतं आहे. शाळा ही मदतसंस्था नव्हे, आणि तिनं स्वस्तातली मदतसंस्था व्हायचा प्रयत्न केला तर ती वाईट मदतसंस्था होते आणि शाळाही वाईट होते. दहा वर्षांच्या मुलाकडे पैसा मुळातच थोडा असतो. त्याच्याकडे जास्त असतं ते कुतूहल, आणि नेमकं तेच निधीपेटीच्या फटीतून आत जात नाही. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या काही शाळा आता परदेशी शाळांशी जोडून घेतात, पडद्यावर एकमेकांना सण दाखवतात, दहा दिवसांचे दौरे करतात. त्यांत पाहुण्यांसमोर लेझीम होतं, फेटे बांधले जातात, मोदक होतात. वाईट काहीच नाही. फक्त तिकडच्या मुलांनी काय आणलं हे विचारलं की बहुधा शाळेच्या बोधचिन्हाचे कप आणि पेनं निघतात. म्हणजे वाटी दोन्हीकडून चकचकीत घासलेली, आणि दोन्हीकडून रिकामी.

होनकावाची चित्रं वॉशिंग्टनच्या त्या चर्चमध्ये कित्येक वर्षं कुलपात पडून होती. कागद पिवळे पडले. अखेर ती काढून, दुरुस्त करून, 2010 च्या उन्हाळ्यात हिरोशिमाला नेली गेली आणि होनकावा शाळेतच मांडली गेली. ज्यांनी ती काढली होती त्यांतले काही जण आता सत्तरीतले. ते येऊन आपापल्या चित्रासमोर उभे राहिले. प्रदर्शन संपल्यावर ती चित्रं हिरोशिमानं ठेवून घेतली नाहीत. ती पुन्हा नीट बांधली गेली आणि परत वॉशिंग्टनला गेली, कारण ती दिलेली होती.